लस घेतली असूनही लस न घेतलेल्यांत धरण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
प्राथमिक शाळा, कास्तेलरीवा.

अर्जदार : लोरेदाना पेझ्झिनी, शिपाई (फाटक व तळमजला)

विषय : लसीचे दोन्ही डोस झालेले असतानाही माझे नाव लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत घालून दर दोन दिवसांनी माझी तपासणी करण्याबाबत.

संदर्भ : फाटकावर लावलेले आपले परिपत्रक. वाचल्याची माझी सही त्याखाली आहे.

महोदया,

१. सविनय सादर करते की, सप्टेंबरपासून कर्मचाऱ्यांचे कोरोनाचे हिरवे पास, म्हणजे लस घेतल्याचा किंवा गेल्या दोन दिवसांतल्या तपासणीचा दाखला, तपासण्याचे काम आपण माझ्याकडे सोपवले आहे. शाळेच्या फोनवर हिरवे आले की आत सोडायचे, लाल आले की परत पाठवायचे, कारण विचारायचे नाही आणि नोंद ठेवायची नाही. या कामात मी आजवर कसूर केलेली नाही.

२. लस न घेतलेल्यांची तपासणी दर दोन दिवसांनी होते. त्यांच्यासाठी गावातल्या एकुलत्या औषधाच्या दुकानात सकाळच्या वेळा शाळेने राखून ठेवल्या आहेत. आम्हा लस घेतलेल्यांना मात्र कोणी विचारत नाही. मी तपासणीसाठी दुकानात गेले, तर दुकानदार क्लेलियाबाई काउंटरवरूनच ओरडल्या, "अगं, तुझा पास पुढच्या मेपर्यंत हिरवा आहे! उगाच रांग कशाला अडवतेस?" रांगेतली माणसे हसली. मी घरी आले.

३. गेल्या सोमवारची हकिकत कळवणे भाग आहे. बदली शिक्षक तुल्लिओ सर सात वाजून बत्तीस मिनिटांनी आले. त्यांच्या तपासणीची मुदत साडेसातला संपली होती. फोन लाल झाला. "लोरेदाना, दोन मिनिटांत मी आजारी पडलो होय?" असे ते म्हणाले. मी नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवले. त्यांच्या मागोमाग तिसरीच्या फ्राबेत्तीबाई खोकत आल्या. "हा माझा नोव्हेंबरचा खोकला गं, दरवर्षीचाच," म्हणाल्या. फोन हिरवा झाला. त्यांना आत सोडलेच, वर यंत्रातून दोन कॉफ्या काढल्या आणि मास्क हनुवटीखाली ओढून आम्ही दोघी पाच मिनिटे बोलत उभ्या राहिलो. शुक्रवारी फ्राबेत्तीबाईंना लागण झाल्याचे कळले. तुल्लिओ सर ठणठणीत आहेत.

४. माझे पती एर्मेस यांना त्यांच्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले आहे. ते टिकावे म्हणून जी औषधे चालू आहेत, त्यांच्यामुळे लस त्यांच्या अंगी लागत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. गेले दीड वर्ष ते स्वयंपाकघरात जेवतात आणि मी जिन्यात, ताट मांडीवर घेऊन. मी कामावरून आले की ते दार फटीएवढे उघडून म्हणतात, "शिपाईबाई, पास दाखवा, मगच सूप मिळेल." मीही रोज दाखवते. ते हसतात. मला अलीकडे हसू येत नाही. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण महोदया, मला फार भीती वाटते.

५. तरी मी लस घेतलीच नाही असे समजून माझे नाव त्या यादीत घालावे, ही विनंती. घेतल्याचा पुरावा मी कोणाला दाखवणार नाही.

६. वरील मजकूर मंगळवारी लिहिला. द्यायचे धाडस झाले नाही. आज गुरुवार आहे. वरचा विषय रद्द समजावा, कोरा कागद जवळ नाही म्हणून खालीच लिहीत आहे.

७. शहरातून घरी तपासायचा एक संच मागवला होता. तो आज पहाटे तळघरात जाऊन वापरला. दुसरी रेघ आली. पुसट आहे, पण आहे. आरोग्य खात्याचा फोन नुसता वाजतो. आपल्या कारकुनांना घरी फोन करून उठवले, तर ते म्हणाले, "घरच्या कांडीला नियमात जागा नाही, बाई. दुकानाचा कागद आणा, तोवर हजर राहा. नाहीतर गैरहजेरी लागेल." दुकानात शनिवारपर्यंत वेळ नाही, कारण मी यादीत नाही.

८. म्हणून हजर झाले. फाटकावर तपासणाऱ्याने आधी स्वतःचा पास तपासावा असे परिपत्रकात आहे. तो तपासला. हिरवा आला. पुसून पुन्हा तपासला, पुन्हा हिरवाच. मी फाटक उघडलेले नाही. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहीत आहे. तुल्लिओ सर तपासणी करून सर्वांच्या आधी येतात. किल्ल्या, फोन आणि हा अर्ज बाकावर ठेवून मी लांब उभी राहीन. आज फाटक त्यांनी सांभाळावे. या शाळेत आजचा भरवसा फक्त त्यांचाच आहे.

९. जुन्या पहारेकऱ्याच्या दोन खोल्या अंगणापलीकडे बंद आहेत. त्यांची किल्ली आपल्याकडे असते. ती मला दहा दिवसांसाठी द्यावी. पाणी आहे, एवढे पुरे. आमच्या घरात संडास एकच आहे, मी तिथे परत जाणार नाही.

१०. एक गोष्ट लपवत नाही. काल संध्याकाळी मला हुडहुडी भरली, तेव्हा एर्मेस जिन्यात आले, माझ्या खांद्यांवर शाल टाकली आणि कपाळाला हात लावून बराच वेळ बसले. सगळ्या शाळेला फाटकावर अडवणारी मी, त्यांना "मागे व्हा" म्हणाले नाही. दीड वर्षात त्यांचा हात लागला नव्हता. यादीत माझ्यासाठी जागा निघाली, तर ती त्यांना द्यावी. माझे काय ते शनिवारी कळेल.

कळावे, ही हात जोडून विनंती.

आपली आज्ञाधारक,
लोरेदाना पेझ्झिनी
गुरुवार, १८ नोव्हेंबर २०२१, सकाळी ७.१०

सोबत :
१. हिरव्या पासाची प्रत.
२. तपासणीची कांडी, बंद पिशवीत. पिशवी उघडू नये.

ता. क. : घरी फोन करू नये. फोन तेच उचलतात. दहाच्या सुट्टीत मी त्यांना रोज फोन करते. आज काय सांगायचे, ते तोवर मला ठरवायचे आहे.