चापाची बाजू

डेल्फ्ट, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बळवंतमामा,
सविनय जयभीम.

इतके महिने तुम्हाला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफी मागते. आळस हे कारण नव्हतं. असतं तर माफी मागणं सोपं गेलं असतं. मी विचार करत होते. (विचार करणं आणि काहीच न करणं बाहेरून सारखंच दिसतं, असं रविराजचं म्हणणं आहे. रोजनिशीत त्यावर एक पान लिहून झालं, पण त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? इकडे आमचं बरं आहे. वारा आहे. या देशात वारा नेहमी समोरूनच येतो. सायकल वळवली की तोही वळतो.

आता मुद्द्याचं. कोरेगावच्या लढाईत आपल्या शिपायांच्या हातात असेल तशी बंदूक तुम्ही स्वतःच्या हातांनी घडवली, ती एक जानेवारीला खडकीच्या वाचनालयात लागणार आहे, आणि आता तिला फक्त चाप हवा आहे, हे मला पूर्ण कळलं आहे. चाप वेळेवर आला नाही तर वाचनालयाचे सतीशराव नाटकाच्या सामानातला पुठ्ठ्याचा चाप चंदेरी रंग मारून चिकटवणार आहेत, हेही कळलं आहे. तुमच्या शिसवी दस्त्यावर पुठ्ठा, ही कल्पना मला सहन होत नाही. ‘तिकडे युरोपात जुने चाप ढिगाने पडलेले असतात, त्यातला एक पाठव’ असं तुम्ही लिहिलंत. ढीग आहे, मामा. अडचण ढिगाचीच आहे.

चकमकीचा चाप म्हणजे बोटाने ओढायचा खटका नव्हे, तर बंदुकीच्या कुशीला बसणारी कळ: गारगोटी पकडणारा घोडा, ती ज्यावर आपटते ती पोलादी झडप आणि खाली दारूची छोटी वाटी, एवढंच मी समजत होते. पण घोड्याच्या मानेवरून साल ठरतं. कंपनीच्या जुन्या बंदुकांवर हंसासारखी बाकदार मान. पुढे १८०९च्या सुमारास ती मोडू नये म्हणून मानेला जोड देऊन मध्ये भोक ठेवलेला घोडा आला. लढाई १८१८ची. मग आपल्या शिपायाला नवा मिळाला असेल की आधीच्या कुणाचा तरी जुना? कंपनीचा स्वभाव पाहता जुना. पण हा माझा पूर्वग्रह तर नाही ना, या शंकेत माझा सगळा जून महिना गेला. रविराज म्हणाला, ‘लग्नाआधी माझी इतकी चौकशी केली नव्हतीस.’ मी म्हटलं, तेव्हा वय कमी होतं. (तुमची नळी म्हणजे दोन्ही तोंडं बुजवलेला पाण्याचा पाइप आहे, याचीही त्याने आठवण करून दिली. त्याने फरक पडत नाही. पाइप तुमचा निर्णय आहे, चाप माझा.)

शेवटी द हेगला एक निवृत्त दंतवैद्य सापडले, फरहूफ नावाचे. त्यांच्याकडे चापांचा संग्रह आहे, आणि तो दातांच्या दवाखान्यातल्या जुन्या कपाटाच्या उथळ खणांत, कापसावर मांडलेला आहे. भेटीची वेळ महिनाभर आधी ठरली. मी ट्रॅममधून उतरून त्यांच्या दारासमोर वेळ होईपर्यंत उभी राहिले, कारण इथे लवकर जाणं हे उशिरा जाण्याइतकंच वाईट. त्यांनी कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करून कपाटावर ठेवला. ही इथली रीत आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी घरच्या चकल्या नेल्या होत्या. त्यांनी एक घेतली आणि माझा डबाही बंद केला.

त्यांनी प्रत्येक चाप उघडून दाखवला. तोंड उघडा म्हणावं तशी ते झडप उघडत. मी तुमचा फोटो फोनवर दाखवला, तो तुम्ही एका हाताने फोन धरून बंदुकीसह स्वतःच काढलेला. मी तो कापून फक्त चापाची खाच आणि तुमचा हात एवढाच मोठा करून ठेवला होता, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. फरहूफ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘बाई, ही खाच डावीकडे आहे.’

खरोखरच डावीकडे होती. मलाही ते घरी दिसलं होतं, पण तुमचा हात चुकेल असं मनात आणणं मला बरं वाटलं नव्हतं. फरहूफ म्हणाले, सैन्याला शिपाई उजवा की डावा याच्याशी देणंघेणं नसायचं. सगळ्यांच्या बंदुकांना चाप उजवीकडेच. हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं. तरी मी त्यांना आजीचं सांगितलं. पलटणीतले आपले ते पूर्वज डावखुरे होते, घरात प्रत्येक पिढीत एक डावरं निघतंच, असं ती म्हणायची. या पिढीतली मी. आईने माझ्या हातावर मारलेल्या फुटपट्ट्या तुम्हाला आठवत असतील. तुम्हीच एकदा ती फुटपट्टी मोडून चुलीत घातली होती. मला वाटलं, मामांना आजीकडून काहीतरी अधिक कळलेलं असणार, म्हणून त्यांनी मुद्दाम डावीकडे कोरलं. फोटोत तुमचं घड्याळही उजव्या मनगटावर होतं. तुम्हीही डावखुरे आहात हे मला इतकी वर्षं कसं माहीत नव्हतं, याचं ट्रॅममध्ये मला वाईट वाटलं.

फरहूफांकडे डावा चाप एकच होता, इंग्रजी, त्याच काळातला, दुनळी शिकारी बंदुकीचा, जोडीदार हरवलेला. मान हंसाची. नमुना कंपनीचा नाही, पण साल जुळतं. मी तो घेतला. त्यांनी कपाटावरून डबा पुन्हा काढला आणि मला दुसरं बिस्कीट दिलं. इतकी वर्षं या देशात काढल्यावर त्या दुसऱ्या बिस्किटाने मी सावध व्हायला हवं होतं.

बाडहूव्हडॉर्पचा चंद्रहास डिसेंबरात पुण्याला येतोय, पण तो म्हणाला, ‘ताई, मी विमानतळावर कामाला आहे. मला बंदुकीचा भाग बॅगेत घालायला सांगू नकोस, चकल्या सांग.’ म्हणून रीतसर चौकशी करून, कागद जोडून पार्सल करते आहे. हे पत्र त्यातच ठेवते. मामींना जयभीम.

तुमची,
धम्मदीपा

ता. क. चाप बसवताना फोटो काढा. सतीशराव शेजारी उभे असले तर उत्तम.

ता. क. २. पार्सलमध्ये ठेवायला रविराजने तुमचा तो फोटो न कापता, पूर्ण छापून आणला. पाहून म्हणाला, ‘मामांच्या वाचनालयाचं नाव कुठल्या लिपीत आहे?’ तुमच्या मागच्या पाटीवरची सगळी अक्षरं उलटी आहेत. तुमच्या फोनने आरशासारखा फोटो काढला होता. खाच उजवीकडे आहे, घड्याळ डाव्या मनगटावर आहे, आणि तुम्ही डावखुरे नाही. चूक फोनची नाही. मला त्या पलटणीत कुणीतरी आपल्यासारखं हवं होतं.

ता. क. ३. दस्त्याला डावीकडेही एक खाच कोरता येईल का, असं विचारणार होते. विचारत नाही. विचारलं तर तुम्ही कोराल. पार्सल थांबवलं आहे. पत्र तेवढं पुढे पाठवते, म्हणजे तुम्ही सतीशरावांना थोपवून धराल.

उद्याचं काम: वेळ न ठरवताच हेगला जाऊन उजवा चाप मागणे, दुसरं बिस्कीट न घेता.