सहीनंतर बोलायची चोरी

सोमवार, ४ मार्च

घराच्या करारावर सही केली. संपलं! त्या घराला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. अशी खिडकी नाही म्हणून बायकोनं आजवर पाहिलेलं प्रत्येक घर नापास केलं होतं.

एजंट पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि उपदेश करू लागला. म्हणे, साहेब, खरं काम आता सुरू. कर्ज हातात पडेपर्यंत काही म्हणजे काही हलवू नका. नोकरी तीच, खातं तेच. बँक ऑफिसात फोन करून विचारते, माणूस अजून कामावर आहे का. मी तिथल्या तिथे सुनावलं, की दिलेला शब्द हा समाजाचा पाया आहे आणि त्या पायावर बँक संशयाची पहार घालते! दोन ड्रायव्हर ऐकत उभे राहिले. एजंट म्हणाला, अगदी बरोबर, पण नोकरी सोडू नका.

निर्लज्ज.

संकल्प: कर्ज येईपर्यंत कोणावरही चिडायचं नाही.

मंगळवार, ५ मार्च

चिडलो. पण कारण रास्त होतं.

घर विकणाऱ्या बाई रिटायर्ड नर्स आहेत. जाताना गिझर काढून नेणार म्हणतात, कारण करारात त्याचा उल्लेख नाही. मी गरजलो, उल्लेख भिंतींचाही नाही, मग भिंती नेणार का? बाई म्हणाल्या, भाऊ, बसा आधी. आणि माझं बीपी घेतलं. वाढलेलं निघालं. तेवढ्यात बायको म्हणाली, मावशी, काय राहणार, काय जाणार ते आत्ताच लिहून टाकू या. दोघींनी चहा घेतला, लिहून टाकलं. गिझर राहिला.

माझ्या दराऱ्याचा परिणाम.

गुरुवार, ७ मार्च

आज अन्यायाची परिसीमा झाली. साहेबांनी मीटिंगमध्ये नवा नियम काढला: प्रत्येकाला दोन मिनिटं. टेबलावर टायमर! अंडी उकडायला लावतात तो!

माझा विषय होता फाइलींच्या कपाटाची किल्ली. ती मला मिळत नाही. मी प्रस्तावना केली. प्रस्तावना प्राचीन रोमच्या गुलामांपर्यंत पोचली आणि टायमर वाजला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी उठलो. म्हणालो, हा वाणीचा खून आहे! समजा मी राजीनामा दिला! आणि ताडताड बाहेर. डबा टेबलावरच राहिला. परत गेलो नाही. इतिहास डब्यासाठी मागे वळत नसतो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती खोक्यात भांडी भरत होती. हातातली कढई तशीच राहिली. एवढंच विचारलं, लेखी दिलंत? मी म्हणालो, लेखी राजीनामा हे साहित्य असतं, त्याला वेळ लागतो. ती म्हणाली, घ्या ना मग. हवा तेवढा वेळ घ्या.

कोण म्हणतं तिला तत्त्वं कळत नाहीत?

शनिवार, ९ मार्च

राजीनाम्याची नऊ पानं झाली. प्रस्तावना अजून चालू आहे.

ऑफिसातून एकही फोन नाही. शरमेनं मेले असणार. शिष्टमंडळ येईल म्हणून दाढी करून हॉलमध्ये बसलो. आला घरमालक, नव्या भाडेकरूंना घेऊन. मी बसलो होतो तीच भिंत त्यांनी टेपनं मोजली. मला म्हणाले, काका, जरा पाय वर घेता का? महिनाअखेर आम्ही निघणार, हे मालकानं त्यांना परस्पर सांगूनही टाकलंय.

बायको सकाळी फोन घेऊन बाल्कनीत जाते आणि हळू आवाजात बोलते. बहिणीला माझं कौतुक सांगत असावी.

मंगळवार, १२ मार्च

एजंटचा फोन. या आठवड्यात बँक ऑफिसात चौकशी करणार. साहेब, काही गडबड नाही ना? मी म्हणालो, सत्यात गडबड नसते. फोन ठेवल्यावर मात्र हिशोब मांडला. कर्ज नाही आलं तर इसार गेला. नवं घर गेलं, आणि हे तर गेलेलंच आहे.

बायको त्या खिडकीचा पडदा शिवत बसली होती. मी म्हणालो, वेळ आली तर तत्त्वासाठी रस्त्यावर राहू. ती दोरा तोडत म्हणाली, तुम्ही राहा. मी पडदा घेऊन माहेरी जाते.

संकल्प: उद्या ऑफिसात जाणार. शरण जायला नाही, संधी द्यायला. साहेबांनी सर्वांसमक्ष टायमर फोडावा, मग विचार करू. भाषण तयार आहे. तासभर चालेल.

बुधवार, १३ मार्च, संध्याकाळ

गेटवर वॉचमन म्हणाला, काय साहेब, घसा कसा आहे?

मला कळेना. वर गेलो. मी तोंड उघडताच अकाउंटंट बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बोलू नका हो! वहिनींनी सगळं सांगितलंय. गुरुवारी संध्याकाळीच फोन आला त्यांचा. घसा पार बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, आणि मीटिंगमधलं ते सगळं तापाच्या भरात. रोज सकाळी कळवत होत्या बिचाऱ्या.

म्हणजे राजीनामा कोणी खरा मानलाच नव्हता! मी रागानं थरथरत साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाले, केवढा अशक्तपणा हो! मी भाषणाचे कागद काढले, श्वास घेतला, आणि त्यांचा फोन वाजला. बँक.

साहेब म्हणाले, हो, आमच्याकडेच आहेत, हे काय, समोर बसलेत. घसा बसलाय त्यांचा. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, अजून कामावर आहात ना, असं विचारतायत. काय सांगू?

डोळ्यांसमोर तो पडदा आला.

मान हलवली. वरखाली.

शुक्रवार, २२ मार्च

कर्ज मंजूर. बायको म्हणते, ताबा मिळेपर्यंत घसा बरा व्हायचा नाही.

आज मीटिंग होती. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी टायमर उचलून खणात टाकला. म्हणाले, तुम्हाला वेळेचं बंधन नाही, सावकाश, जमेल तसं बोला. सगळे माझ्याकडे बघत होते. अशी शांतता मला आयुष्यात मिळाली नव्हती.

कागदावर लिहून दाखवलं: कपाटाची किल्ली हवी आहे.

लगेच दिली.