तिचा केक

रविवार, दि. ४ ऑक्टोबर

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. आता तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहेस, पण माझ्या लेखी बुटकीच. मी बरी आहे. तू, तुझा नवरा आणि लेक खुशाल असाल.

पत्र पाहून दचकशील. पण फोन केला की तू "कामात आहे" म्हणतेस, आणि मोबाइलवर लिहायला घेतलं की मी पाठवायच्या आधी सगळं पुसून टाकते. कागदावर खाडाखोड केली तरी ती दिसते, म्हणून कागद घेतला.

इकडची खबरबात म्हणजे स्वयंपाकघराचं छत पुन्हा गळायला लागलंय. त्याखाली बादली ठेवली आहे आणि मी रोज तिलाच ठेचकाळते. गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा आणि उभ्याने काम करू नका. आमच्या सुपरमार्केटात बसून काम फक्त गल्ल्यावरच्या काकूंना, आणि त्या निवृत्त व्हायचं नाव घेत नाहीत. आईच्या खोलीची खिडकी रंगवून घेतली. खोली तशीच आहे. पलंग हलवायचा म्हणते, पण एकटीने हलत नाही.

कामावर सणाची धांदल सुरू झाली आहे. अजून दीड महिना आहे, तरी आमच्याकडे दारातच सोनेरी खोक्यांचा डोंगर. यंदा मॅनेजरीणबाईंनी नवीनच टूम काढली. म्हणे गिऱ्हाईकं सारखी विचारतात, "हे महागडं खास सणाचं म्हणून जे विकता, ते एवढ्या किमतीचं असतं का हो?" आणि आमच्यातला प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. म्हणून त्यांनी मागच्या मंगळवारी आम्हा सहा जणांना मागच्या खोलीत बसवलं. सात पदार्थ, प्रत्येकाच्या दोन बश्या, एकीत महागाचं आणि एकीत साधं. वेष्टन नाही, फक्त चिठ्ठ्या, अ आणि ब. खायचं आणि फॉर्मवर लिहायचं.

हसून हसून पुरेवाट झाली. मासळीच्या काउंटरवरचा म्हणाला, "मला वीस वर्षांत मासळीखेरीज कसलाच वास आलेला नाही, मला काय विचारता?" तरी सगळं चाटूनपुसून खाल्लं त्याने. काकूंनी दर वेळी महागाचं म्हणून साध्यावर बोट ठेवलं आणि चुकल्याचं कळलं तेव्हा बश्यांवरच रागावल्या. बिस्किटांत मलाही काही फरक कळला नाही, पैसे त्या पत्र्याच्या डब्याचे. चीजमध्ये तर साधंच बरं होतं. चॉकलेट महागाचं चांगलं, पण तिप्पट चांगलं खचितच नाही.

शेवटी केक होता. सुक्यामेव्याचा.

त्यातही काही फरक नाही असं मी लिहून दिलं. मी तेव्हाही म्हटलंच होतं.

लेकीला पापा. ती आता पोहायला जाते, असं तुझ्या नवऱ्याकडून कळलं. थंडीत कान झाकत जा म्हणावं. उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल, नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई


रविवार, दि. २५ ऑक्टोबर

बुटके,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "पत्र मिळालं. केकचा विषय काढायची गरज नव्हती." ते फ्रीजवर चिकटवलं होतं, परवा काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आज पुन्हा बाहेर काढलंय.

गरज होती. पण मी तो विषय काढला, आणि धीर झाला नाही म्हणून पुन्हा खोटं लिहून पाकीट बंद केलं. तेव्हा फॉर्मवर मी काहीच लिहून दिलेलं नव्हतं. केकची जागा कोरी होती. मॅनेजरीणबाई दोनदा मागून गेल्या, मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. केकला आणि गुडघ्याला काय संबंध, असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या मंगळवारी अ बशीतला तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा खायची गरजच उरली नाही. संत्र्याची साल, पाकात मुरवलेली, खरीखुरी. दाताखाली आली की आधी कडू, मग गोड. साध्या केकमध्ये नुसता संत्र्याचा अर्क असतो, तो नाकाला कळतो, जिभेपर्यंत पोचत नाही. मी तिथून उठून बाहेर गेले, जिथे रिकामी खोकी दाबतात त्या मशीनपाशी.

मागच्या वर्षीची सणाची दुपार तुला आठवत असेलच, पण तुला माहीत नाही ते सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

आईच्या औषधांनी तिची चव गेली होती. तू लांब, तुला फोनवर "जेवते ना नीट?" एवढंच विचारता यायचं. इथे मी रोज तिच्यासमोर बसायचे. सूप केलं, बटाटा मऊ कुस्करला, अंडं नुसतं, अंडं दुधात, काय काय केलं. दोन महिने तिचं एकच, "भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं गं." रागाने नाही म्हणायची, माफी मागितल्यासारखी म्हणायची. ते तर अजूनच सहन व्हायचं नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तशी मी मनातल्या मनात नावडती झाले होते. आईचा त्यात काही दोष नव्हता.

आणि तू आलीस. एका दिवसासाठी, नवीन स्वेटर घालून, हातात ते खोकं, त्याला रिबीन. आमच्याच दुकानातलं. तुमच्या गावातल्या शाखेतून आणलेलं. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं.

आईने एक घास घेतला. मला वाटलं, आता म्हणेल पुठ्ठा. ती थांबली, आणि म्हणाली, "अगं, लागतंय मला!"

"काय लागतंय?" तू घाबरून पाणी पुढे केलंस.

"चव लागतेय! संत्र्याची साल आहे ना ही?"

एक तुकडा संपवला आणि बशी पुढे केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आईने बशी पुढे केली, बुटके. आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थोरले, तूही खा. एवढी त्या दुकानात असतेस, आणत जा की असलं काही कधीतरी."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिच्या तोंडाला चव आली होती आणि ती आनंदात बोलत होती. पण मला मिरच्या झोंबल्या. दोन महिने मी चुलीपाशी, आणि रिबीन बांधून आलेली तू एका घासात जिंकलीस. मी खोकं उचललं, उलटं केलं, तळाशी छापलेला कारखान्याचा नंबर दाखवला. "आई, भुलू नकोस. आमच्याकडचा साधा केक याच कारखान्यातला. हा बघ नंबर, तोच आहे. आत मालही तोच. सोनेरी कागदाचे पैसे घेतात. बुटकीला शेंडी लावली दुकानाने."

नंबर खरा होता. कारखाना एकच आहे. पण तो नंबर कारखान्याचा असतो, मालाचा नव्हे, आणि अकरा वर्षं खोकी फळीवर लावणारीला हे माहीत नसेल का? मला पक्कं माहीत होतं. तुला दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. मी दुकानात काम करते, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवलास.

आईने चमचा खाली ठेवला. "असं होय," म्हणाली. मग तुझ्याकडे पाहिलं, तुझी फसगत झाली म्हणून तिला वाईट वाटलं होतं. दुसरा तुकडा तसाच राहिला. तू म्हणालीस, "तुला माझं कधी काही बघवलंच नाही." मी म्हणाले, "खरं बोललं की राग येतोच." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं कोणालाच ठाऊक नाही.

उरलेला अर्धा केक मी खाल्ला. दोन दिवसांत, सिंकपाशी उभ्याने, बशीसुद्धा न घेता. आई आतल्या खोलीत होती. तिला विचारलंही नाही. फार चांगला होता गं.

नवव्या दिवशी आईने हाक मारली. "तो केक राहिलाय का गं थोडासा?"

मी म्हणाले, "संपला. आणते उद्या."

दुसऱ्या दिवशी दुकानात सोनेरी खोक्यांचा ढीग पडला होता. सण संपला की त्यावर पिवळी चिठ्ठी लागते, जवळजवळ साध्याच्या भावात मिळतो. म्हणजे किमतीचीही सबब नव्हती. खोकं हातात घेतलं आणि परत ठेवलं. तिने तो खाल्ला असता आणि तिला पुन्हा चव लागली असती, तर मी खोटी ठरले असते. तेवढ्यासाठी मी साधा आणला. घरी वेष्टन काढून फेकलं, बशीत कापून दिला आणि म्हणाले, "हा बघ, तोच."

तिने तुकडा तोंडात ठेवला. खूप वेळ चावत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, उशीची खोळ सारखी करत होते. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "हो गं. सारखाच आहे." बाकीचा सोडून दिला. पोट भरलं म्हणाली.

त्यानंतर तिने काही मागितलं नाही. मी देईन ते गिळायची. पुठ्ठ्याचंही काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी गेली. डॉक्टर म्हणाले, खाण्याने काही फरक पडला नसता, दुखणंच तसं होतं. मीही स्वतःला तेच सांगते. असेल तसं. पण त्या तीन आठवड्यांत रोज एक तुकडा, चव लागणारा, तिला मिळू शकला असता. दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे.

तुझ्या नवऱ्याचा उन्हाळ्यात फोन आला होता. त्याच्यावर रागावू नकोस. म्हणाला, "ताई, ही सणावाराला घरात काही आणू देत नाही. पोरगी हट्ट करते तर म्हणते, मी एकदा आणलं होतं, आईच्या शेवटच्या सणाचा तमाशा झाला." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "हो का? थोडे दिवस जाऊ देत." उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मला फार चांगलं जमतं, आणि बोलायची वेळ आली की तीच जीभ जड होते.

आता मुख्य गोष्ट. एवढी पानं तिच्यासाठीच लिहिली, आणि अजूनही ती लिहायची जिवावर येतेय.

जायच्या दोन दिवस आधी आई दुपारी जागी होती. मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "धाकटीला सांग, तिचा केक फार चांगला होता."

"तिचा" म्हणाली, बुटके. माझा आणि तुझा असे दोन वेगळे केक होते, हे आईला माझ्या केकच्या पहिल्या घासालाच कळलं होतं. मला ओरडली नाही. मी का केलं, तेही विचारलं नाही. मी "सांगते" म्हणाले आणि विंचरत राहिले.

आई गेल्यावर तू आलीस तेव्हा आपण दोघी तीन दिवस एका घरात होतो. चादरी धुतल्या, औषधं टाकून दिली, तिचे कपडे वाटले. किती वेळा तोंडाशी आलं. पण ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तुला फक्त चहा विचारत राहिले. तुझ्यासाठी आईने ठेवलेली ती एकच गोष्ट होती आणि मी ती दाबून ठेवली.

काल फॉर्म भरला. छापलेला प्रश्न असा आहे, "जास्त किंमत देण्याजोगा आहे का?" बिस्किटांपुढे नाही लिहिलं, चीजपुढे नाही लिहिलं. केकपुढे लिहिलं, होय. "कारण" म्हणून खाली एक ओळ असते. तिथे लिहिलं, संत्र्याची साल खरी आहे. मॅनेजरीणबाई म्हणाल्या, "एवढंच? यासाठी तीन आठवडे लावलेत?"

सुटताना एक खोकं घेतलं, पूर्ण किंमत देऊन. ते समोर टेबलावर आहे. तुला पाठवत नाही, तू टाकून देशील, आणि ते बरोबरच ठरेल. उघडतही नाही. मला तो खायचा हक्क नाही. सणापर्यंत टिकतो, त्यानंतरही बरेच दिवस टिकतो, तळाशी तारीख आहे. तू आलीस तर तू काप. नाही आलीस तर निदान लेकीसाठी एक घरी आण. तू आणलेल्याची आईला चव लागली होती. शेवटची चव तिला तुझ्या हातची लागली, माझ्या नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला "असू दे" म्हणावं लागेल, आणि आई "सारखाच आहे" म्हणाली तसं तूही म्हणशील.

खाली ताई लिहीत नाही. तो शब्द तू म्हणायचा असतो.

आईचा निरोप वर्षभर अडवून ठेवणारी,
थोरली