गच्चीवर एक कणही नको

३ जानेवारी
टीव्हीवर सांगितलं, आमच्या किनाऱ्यावर बर्फ पडणार. एकतीस वर्षांनी. न्हाव्याच्या दुकानात पन्नाशीची माणसं पोरांसारखी ओरडत होती. शेजारचा मिको कुठल्या वाटीत खाणार, ते सांगत होता. ताजा बर्फ वाटीत घ्यायचा, वर अंजिराचा पाक ओतायचा आणि खायचा, ही इथली रीत. कबुतरं उडतात त्या हवेतून खाली येणारी घाण.

माझी बायको आसुंता जाऊन अकरा आठवडे झाले. दर सप्टेंबरला ती बर्फासाठी म्हणून एक बाटली पाक करायची. बर्फ यायचा नाही, मग ईस्टरला आम्ही तो पावाबरोबर संपवायचो. या सप्टेंबरचीही बाटली आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "या वर्षी नक्की पडेल. पाक पावावर संपवू नकोस." तापातलं बोलणं. बाटली फडताळात मागे सरकवली. जागा अडते म्हणून.

४ जानेवारी
मिकोची बायको फोर्तुनाता आली. आसुंताची जिवलग मैत्रीण. आमची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी, तर बर्फ पडल्यावर सगळ्यांनी तिथे जमायचं का, म्हणे. माझ्या दंडावर काळी पट्टी, घरात वर्षाचा शोक, आणि हिला जत्रा भरवायची आहे. मी शांतपणे म्हणालो, "शोकाच्या घरात बर्फाचं कौतुक नको. माझ्या गच्चीवर एक कण दिसता कामा नये."

ती रडवेली होऊन गेली. बरं झालं. छत्तीस वर्षं पोस्टात काढली, कमी शब्दांत काम भागवायची सवय आहे.

५ जानेवारी, सकाळी ५
थंडी. बर्फ नाही. गच्ची धुतली. एकदा ब्लीच, तीनदा साधं पाणी. केवळ स्वच्छतेसाठी. मांजरांनी काय करून ठेवलं होतं ते लिहवत नाही. फडताळातली निळी वाटीही घासली. वाट्या घासायच्याच असतात.

६ जानेवारी
पहाटे दोन तास गच्चीवर. व्यायाम. शिंका.
चर्चमध्ये फादर प्रार्थना सोडून सारखे खिडकीकडे बघत होते. शिसारी आली. मी खिडकीशेजारच्या बाकावर होतो, म्हणून लक्षात आलं. रोज मी पुढच्या बाकावर असतो.

योजना: बर्फ पडलाच, तर कोणी उठायच्या आत वर जायचं. वाटीभर घ्यायचा, खाली येऊन दार लावून खायचा. पाक वाया जाऊ नये, एवढंच. कोणाला कळण्याचा प्रश्न नाही.
ताप साडेअडतीस. गोळी घेतली. गजर पाचचा. गजराला मी कधी चुकलेलो नाही.

७ जानेवारी, सकाळी ११.१०
गजर वाजला असावा.
खिडकी उघडली तर ऊन. रस्ता ओला. समोरच्या छपरावरून शेवटचं पांढरं काहीतरी गळत होतं. अनवाणी वर गेलो. गच्ची कोरडी ठणठणीत. कठडा पुसलेला. कुंड्यासुद्धा पुसलेल्या.

बाहेरच्या जिन्यावर फोर्तुनाता आणि मिको झाडू घेऊन उभे होते. सहाला सुरू झाला, आठला थांबला, चांगला दोन बोटं साचला होता, असं मिको म्हणाला. मुलांना माझ्या खिडकीखाली हसू दिलं नाही. आठ जणांनी चपला काढून, कुजबुजतच गच्ची साफ केली. वर मिठाचं पाणी टाकून पुसून घेतली.

"भावोजी, एक कण ठेवला नाही," फोर्तुनाता म्हणाली. "तुमचं दुःख आम्हाला कळतं."
बर्फाचं काय केलं, मी विचारलं.
"खाल्ला की," मिको म्हणाला. "टाकून कसा देणार, पोस्टमास्तर? पण पाक दुकानातला. वहिनींच्या पाकाची सर नाही."
"तू गप्प बस, मेल्या," तिने त्याला कोपराने ढोसलं.
मी दोघांचे आभार मानले.

सहज म्हणून गल्लीत फेरी मारली. एका गाडीखाली थोडा होता, चिखलाच्या रंगाचा. माझ्या आधी कुत्रं पोचलं होतं.

दुपारी ३
फ्रीजरच्या भिंतीवरचा बर्फ सुरीने खरवडला. निळी वाटी अर्धी भरली. त्यात दोन मटार. वर आसुंताचा पाक ओतला. माशाचा वास. किळसवाणं.
वाटी संपवली.