अर्थ कुठून घेतला

बाबा, तुमच्या जुन्या मोटारीची सगळी वायरिंग मी उपटून फेकली. रागावू नका, आधी ऐका. ती कापड गुंडाळलेली वायर हातात घेतली की पापडासारखी मोडत होती. तुमच्या मागं दादानं गाडी बाळापूरले गोठ्यात उभी केली, मग विकायची म्हणून यंदा पांढराशुभ्र रंग मारला. पण कापसाचे भाव पडून सगळ्यांचे हात पोळलेले, बिनदिव्याची गाडी कोण घेते? शेवटी दादानं भंगारवाल्याले बोलावलं. मले कळलं तशी मी अमरावतीहून बस धरून आले अन् भांडले. दादा म्हणाला, "पोळ्यापर्यंत दिवे लाव अन् गाडी घेऊन जाय. नाही लागले तं भंगारात."

अकोल्याहून नवी वायर आणली, ज्या त्या कामाले वेगळा रंग. तुमच्या वेळी दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटनातून जायचा. बटन तापायचं, दिवे मात्र पिवळे, आजारी. आता रिले बसवला, बाबा! बटन नुसता हुकूम देते, करंट बॅटरीतून नीट दिव्याले. हॉर्नले फ्यूज वेगळा, दिव्यांले वेगळा. अमरावतीच्या आमच्या बॅटरीच्या दुकानात मी हेच काम रोज करते, पण तुमच्या गाडीत करताना जेवायची सुध नव्हती. वहिनी ताट घेऊन उभी, मी गाडीखाली.

पोळ्याच्या दिवशी उन्हं कलली. दादा सजवलेली बैलजोडी घेऊन दारात थांबला. मी बटन दाबलं. रिले टक वाजला अन् दिवे मेलेले. पुन्हा दाबलं, तेच. दादा बैलाकडं पाहत म्हणाला, "चौथी शिकलेल्या बाईनं केलेली वायरिंग. दुसरं काय होणार?"

चौथी म्हटल्याबरोबर मले तो वर्ग दिसते. एका पोरानं कवितेतल्या शब्दाचं भलतंच काही सांगितलं, बाई विचारतात, "अर्थ कुठून घेतला?" मी उभी राहून म्हणते, "बॉडीतून, बोल्टखाली." वर्ग हसून लोटपोट. तुमच्या वायरिंगच्या दुकानात अर्थ म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीले कसलेली काळी वायर, तिच्याशिवाय दिवा लागत नाही. दुसरा अर्थ मले कुठं माहीत होता? बाईंनी तुमाले बोलावलं. तुमी त्यांच्यासमोर म्हणालात, पोरगी बरोबर बोलली. अन् घरी येताना रस्त्यात मलेच झापलं: "अर्धंच काहून सांगितलं? आधी रंग खरडायचा, मग बोल्ट."

रंग! दादाचा पांढराशुभ्र रंग! त्याच्यावरच मी काळी वायर कसून बसले होते, करंट जाणार कुठून? स्क्रूड्रायव्हर घेतला अन् खरडत सुटले. दादा ओरडत होता, नवा रंग आहे, थांब. मी कशाची थांबते. खालून लोखंड चमकलं, तिथं बोल्ट कसला, बटन दाबलं. बाबा, असा पांढरा उजेड पडला की बैलांच्या शिंगांचा बेगड लखलखला, जोडी बिचकली अन् दादा वेसण धरून मागं ओढत गेला. मग हसत आला, किल्ली माह्या हातात दिली. म्हणाला, आता लवकर ने, पोरं हॉर्न वाजवून डोकं खातील.

तेव्हापासून मी गाडीतच बसून हे लिहून राहिले. हे टाकू कोणत्या पत्त्यावर? इथंच सीटखाली ठेवते. वहिनी दोनदा विचारून गेली, निघते कधी. तिले सांगितलं, बॅटरी चार्ज होऊ दे. खरं तुमाले सांगते. तुमी मले सगळं शिकवलं, स्टेअरिंगले मात्र हात लावू दिला नाही. मले गाडी चालवताच येत नाही, बाबा.