गल्लत नसावी

॥ श्री ॥

ब्रह्माघाट, वाराणसी
कार्तिक वद्य पंचमी, रविवार
१२ नोव्हेंबर १९९५

ती. आनंदीताईंस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र कुणाचं म्हणून तुम्ही आधी खालची सही बघाल. बघू नका, मीच सांगते. मी काशीच्या लवाट्यांची सून. दुसरी. तुमच्या मागून त्या घरात आलेली. आपण कधी भेटलो नाही, पण ओळखायला एकमेकींना चांगल्या ओळखतो.

इकडे सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या आता माझ्याच्यानं उतरवत नाहीत, तेव्हा यंदा आकाशदिवे गच्चीवरूनच बघितले. रविवारचा मुलांचा मराठीचा वर्ग अजून घेते. सात मुलं येतात. 'ळ' म्हणायला लावलं की सातही जणं 'ल' म्हणतात आणि वर हसतात. आईबापांनाच घरात हिंदी सोपी वाटते, मुलांना काय बोल लावायचा? तुमची प्रकृती कशी आहे? हे विचारायला मी एकेचाळीस वर्षं घेतली, तेव्हा न विचारलेलंच बरं होतं, असंही वाटेल तुम्हाला.

पत्र लिहिण्याचं कारण असं. इथल्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं होताहेत, म्हणून स्मरणिका निघते आहे. तिच्यात काशीशी नातं असलेल्या मराठी गुणी माणसांची चार चार ओळींची माहिती आहे. हे काम मालविका नावाची एक बँकेतली बाई करते. हुशार आहे, तिच्या मराठीला मात्र हिंदीची फोडणी. परवा घरी येऊन प्रुफं ठेवून गेली. म्हणाली, "काकू, जरा शुद्धलेखन देखून द्या. प्रेसवाला गुरुवारी मांगतोय."

मी पेन्सिल घेऊन बसले. ऱ्हस्वदीर्घ नीट करत करत 'ल'पर्यंत आले, तर तिथं आपण दोघी एकीखाली एक. जशी आहे तशी उतरवून देते.

'लवाटे, श्रीमती आनंदी गोपीनाथ (काशी). काशीतील मराठी स्त्रियांच्या ओव्यांचा बहुमोल संग्रह यांनी केला. तीस वर्षे मराठी वर्ग चालवून भाषेची सेवा.'

'लवाटे, सौ. आनंदी गोपीनाथ (नागपूर). निवृत्त मुख्याध्यापिका, मुलांच्या लोकप्रिय गोष्टींच्या लेखिका. तरुणपणी काही वर्षे काशीत वास्तव्य. (ओव्यांच्या संग्राहिका काशीच्या आनंदीबाई निराळ्या. केवळ नामसाधर्म्य, गल्लत नसावी.)'

मालविकेला मोठी गंमत वाटत होती. म्हणे, "नवरे पण सेम नावाचे काकू, कमाल आहे ना?" मी म्हटलं, असतं एखाद्याचं. आणि तिला चहा करून दिला.

ताई, ही गल्लत तुमच्यामाझ्यात कुणी केली ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मी आल्यावर काय झालं ते ठाऊक नसणार.

मी ग्वाल्हेरची. चोपन्न सालच्या माघात लग्न झालं, तेव्हा एकोणिसावं सरलं होतं. ताम्हनात तांदूळ पसरले होते. ह्यांनी बोटातली अंगठी काढली आणि मुळीच न थांबता 'आनंदी' लिहिलं. हात सरावाचा होता, हे मला फार नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, थोरल्या सुनेला आजेसासूचं नाव, ही घराची रीत. पहिलीलाही तेच होतं, बिचारी माहेरी जाऊन विषमज्वरानं गेली. मग त्यांनी चांदीचा एक टाक माझ्या गळ्यात बांधला. गेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं वागवायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. मी तो भक्तिभावानं वागवला. रोज आंघोळीनंतर त्याला हळदकुंकू लावत होते.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. तुमच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. श्राद्धाला हे बसले होते. एवढे घनपाठी, पंचगंगेवर ज्यांचा स्वर घुमायचा, ते नाव उच्चारायची वेळ आली की ओठांतल्या ओठांत बोलत. सासूबाईंनी दटावलं तेव्हा मोठ्यानं म्हणाले. मी पंगतीचं वाढत होते. माझंच नाव, माझ्याच घरात, श्राद्धात ऐकलं आणि हातातलं खिरीचं भांडं खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी हळवी आहे.

छप्पन साली तुमचं पत्र आलं. पाकिटावर 'लवाट्यांच्या नव्या सूनबाईस' होतं, कारण माझं नाव तुम्हाला कुठून माहीत असणार! मजकूर तीनच ओळी. 'माझी ओव्यांची वही माजघराच्या फडताळात वरच्या खणात आहे. बाकी काही नको. तेवढी पाठवावी.' खाली सही, आनंदी. ताई, मी त्या सहीकडे किती वेळ बघत राहिले ते सांगता येत नाही. मेलेल्या बाईनं पत्र पाठवलं होतं आणि सही माझी होती.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या लेखी मेलीच ती. वांझेला कुणी पोसत नाही." ह्यांना विचारलं. हे संध्येला बसले ते दोन तास उठले नाहीत. दिवाळीला म्हणून तुम्हाला माहेरी धाडलं, आणायला कुणी गेलं नाही, हे मला शेजारच्या सीतामावशींकडून कळलं. त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं. आणि तरीही टाक गळ्यातच होता, नवमीची सवाष्ण दरवर्षी जेवत होती. स्वयंपाक मीच करत होते. जिवंत बाईचं श्राद्ध घातलं मी, तेही चवीनं, पुरणावरणाचं. ते सहा वर्षांपूर्वी बंद केलं. का, ते पुढं लिहिते.

वही पाठवली नाही. सासूबाईंचा धाक होता हे खरं, पण पुरतं खरं नाही. मी वही उघडली होती. तुमचं ते बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर. प्रत्येक ओवीशेजारी कुणाकडून ऐकली त्या बाईचं नाव, घाटाचं नाव. आणि मधेच ही:

पंचगंगेच्या पायऱ्या
किती उतरू, किती चढू
माझ्या माहेराला
गंगा कुणासंगे धाडू

हिच्याशेजारी कुणाचंच नाव नव्हतं. ही तुमची स्वतःची, असं मी तेव्हाच धरून चालले. ग्वाल्हेरला दोन वर्षं गेले नव्हते मी. वही माझ्या हातून सुटलीच नाही.

एकाहत्तर साली मंडळाला काहीतरी छापायचं होतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मी वही दिली. शेवटच्या अकरा ओव्या मी गोळा केलेल्या, बाकी तीनशे बारा तुमच्या. पहिल्या पानावर तुम्हीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सौ. आनंदी गोपीनाथ लवाटे'. छापणाऱ्यानं तेच उचललं. मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, ताई. लिहावंच लागलं नाही. लोक करून सवरून नामानिराळे राहतात, मी नावासकट राहिले.

मग शाल आली, नारळ आला, आकाशवाणीवर बोलावलं. 'ओव्या कशा जमवल्यात?' म्हणून विचारलं की मी तुमच्या समासातली नावं घडाघड सांगत असे. त्या बायकांतल्या निम्म्या मी पाहिल्याही नव्हत्या. पुस्तकाची एक प्रत नागपूरला गेली, हे मला ठाऊक आहे. तुम्ही पाहिलं असणारच. तुम्ही भांडाल, वकिलाची नोटीस धाडाल, वर्तमानपत्रात लिहाल, म्हणून मी एक वर्ष पोस्टमन दिसला की घाबरत होते. तुम्ही काहीच केलं नाहीत. त्याचा राग आला मला. चोर तो चोर, वर रागही त्याचाच.

आणखी एक, आणि हे लिहिताना मान खाली जाते. मलाही मूल झालं नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, दहा झाली. सासूबाईंनी मला माहेरी धाडलं नाही, कारण तोवर त्यांनाही कळून चुकलं होतं. दोष तुमच्यात नव्हता. माझ्यातही नव्हता. घरात हे कुणी बोललं नाही. वेदमूर्तींच्या बाबतीत असं बोलतात का? तुमच्या कपाळी वांझपणाचा शिक्का मारून तुम्हाला गाडीत बसवलं होतं. एका कार्डावर दोन ओळी टाकल्या असत्या तर तो शिक्का पुसला असता. मी टाकल्या नाहीत. तुमची बाजू खरी ठरली असती तर मी तिथं कोण होते? ज्या जागेवर मी बसले होते ती रिकामी झालीच नव्हती.

आता प्रुफांचं. तुमचं उत्तर येईपर्यंत प्रेस थांबणार नाही. म्हणून काल मालविकेला बोलावून घेतलं, वही पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं वहीची पानं उलटून बघितली. मग म्हणाली, "काकू, पन्नास वर्षांचा फंक्शन आहे. लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, मला जे म्हणायचं ते म्हणतील, तुझ्या स्मरणिकेला नाही. तिनं माझ्यासमोर खोडून लिहिलं. संग्रह आता तुमच्या नावाखाली आहे, कंसातली ओळ गेली. माझ्या नावाखाली मुलांचा वर्ग राहिला. तोही काढा म्हटलं, ते तिनं ऐकलं नाही. वही रजिस्टर पोस्टानं वेगळी पाठवते आहे.

एवढं लिहून पत्र संपवायचं ठरवलं होतं. सकाळपासून दोनदा संपवलंही.

तुमच्या माहितीशेजारी तुमचा फोटो आहे. मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. चष्मा, खांद्यावरून पदर, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. फोटो यंदाचाच आहे म्हणाली मालविका. नावाआधी 'सौ.'.

ताई, मी सवाष्ण जेवू घालायची थांबले ती मला उपरती झाली म्हणून नाही. नवरा गेला की अविधवा नवमी आपोआप संपते. हे गेले. एकोणनव्वद साली, ह्याच कार्तिक वद्य पंचमीला, सकाळी साडेआठला. आज सहा वर्षं झाली. तुम्हाला कुणी कळवलं नाही. कळवणारी घरात मी एकटीच होते.

अकरा दिवस अंथरुणावर होते. शुद्ध कधी असे, कधी नसे. 'आनंदी' म्हणून हाक मारत. मी जात होते. जवळ बसले की माझ्याकडं बघत, मग माझ्या मागं दाराकडं बघत, आणि परत हाक मारत. मी ओ देत होते. 'इथंच आहे' म्हणत होते. शेवटचं पाणी मीच पाजलं. त्यांना कोण हवी होती, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, पण मला ते कळलं होतं. एक तार केली असती तर तुम्ही आला असतात, असंही मला वाटत होतं. अकरा दिवसांत नागपूरहून दोनदा येऊन जाता आलं असतं. मी पोस्टात गेले नाही.

तुमच्या आयुष्यातलं जे जे माझ्या हाती लागलं ते मी ठेवून घेतलं. नाव, वही, घर, शेवटची हाक, आणि वैधव्यसुद्धा.

प्रुफात 'सौ.'वर पेन्सिल टेकवली होती. शुद्धलेखन तपासणारणीनं चूक सोडू नये. पण तुमच्या कपाळाचं कुंकू मी इथं बसून कसं खोडू? ते तसंच राहू दिलं आहे. बाकी सगळं मी दुरुस्त केलं. एवढंच तुमच्यासाठी ठेवलं आहे. हे पत्र वाचून झाल्यावर तुम्ही काय कराल ते मी विचारणार नाही.

उत्तराची अपेक्षा करण्याइतकी मी निर्लज्ज नाही. तरी चुकून लिहिलंतच, तर पाकिटावर खालचं नाव घालू नका. इथं ते कुणालाच माहीत नाही, पोस्टमन पत्र परत नेईल. आनंदी लिहा.

आपली अपराधी,

शरदिनी