मेरी कॉन्सिडाइन कुठे गेली?

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, अ‍ॅशबर्न

वकीलबाईंचे उत्तर आले. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित. प्रवासाची परवानगी प्रलंबित. परवानगीविना देश सोडल्यास ‘अर्ज सोडून दिला असे मानण्यात येईल’. कामाचा परवाना संपलेला. त्याचे नूतनीकरणही प्रलंबित. म्हणजे जायचे नाही, आणि राहून काही करायचेही नाही!

सांगलीहून सुलभाताईचा फोन. आप्पांनी अंथरूण धरले आहे. तिच्या मुलाला, ऋषीला, ते ‘मोरू’ अशी माझ्या नावाने हाक मारतात. “आधी चिडायचा रे, आता ओ देतो,” ताई म्हणाली. मी कधी येणार, हे तिने विचारले नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शेजारच्या नोरीनबाईंचे काम स्वीकारले. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच असतात. त्यांची पणजी ऑनोरा शीडी १८६६ साली आयर्लंडहून एकटी इकडे आली आणि परत कधी गेली नाही. का गेली नाही? घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर — दुष्काळात सगळे गेले, मागे कुणी उरलेच नव्हते. “मला फक्त हे खरं आहे का ते हवंय,” बाई म्हणाल्या.

तिकडच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. मजकूर लॅटिनमध्ये, शाई उडालेली. बाईंचे डोळे साथ देत नाहीत. माझे अजून देतात.

बायको प्रतिमा ऑफिसातून आली आणि पडद्याकडे बघून हसत सुटली. “वर्क परमिट नाही, म्हणून मेलेल्यांकडे जॉब धरलास?”

विनावेतन आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुपारी ऑनोरा सापडली! १८४८, वडील मायकेल शीडी, आई मेरी कॉन्सिडाइन. हे आईचे माहेरचे आडनाव, उघड आहे. पुढच्या तीस वर्षांच्या नोंदींत मेरी शीडी शोधली. कुठेही नाही.

संध्याकाळी फराळाचे ताट घेऊन गेलो आणि बाईंना सांगितले, आई लवकर गेली असावी. बाईंनी मान हलवली. चकली मात्र आवडली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आप्पांनी खाणे सोडले आहे. व्हिडिओवर मला ओळखले नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

जेवताना प्रतिमाला मेरी शीडीबद्दल सांगितले. ती वाढता वाढता थांबली. “मग मलाही शोध ना! आश्लेषा जोगळेकर. लग्नात तुम्ही नावही बदललंत, आडनावही. पंचाण्णवनंतर कुठल्या कागदावर सापडते बघ. मेली म्हणशील?”

भाजी गार झाली. माझ्या लक्षातच आले नव्हते — लग्न झाले की बाईचे जुने नाव संपते, असे मी न तपासता गृहीत धरले होते! ऑनोराच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मेरीचे लग्न झालेले होतेच. तरी पाद्रीबुवांनी कॉन्सिडाइनच लिहिले होते.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मेरी कॉन्सिडाइन जिवंत होती.

त्याच गावात. मुलगी अमेरिकेला गेल्यानंतर तीन वेळा ती चर्चमध्ये उभी आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी नातलगांची बाळे हातात धरणारी गॉडमदर म्हणून. शेवटची नोंद १८७९ची. तिन्ही बाळे मुली, वेगवेगळ्या घरच्या. तिघींची नावे ऑनोरा.

रविवार, २६ ऑक्टोबर

नोरीनबाईंना दाखवले. आधीचे माझे अनुमान चुकीचे होते, असे स्पष्ट सांगितले. ऑनोरा हे नाव तिकडे सर्रास आढळते, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, हेही सांगितले.

“निष्कर्ष मी काढते, मोरेश्वर. तू फक्त वाच.”

मी तिन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या. शेवटची त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “कुणी उरलं नाही, हे पणजीनं आम्हाला नाही सांगितलं. स्वतःला सांगितलं.”

घर दोन पावलांवर. फाटकाशी उभा राहिलो. आत जाववेना.

सोमवार, २७ ऑक्टोबर

वकीलबाईंना पुन्हा विचारले. तेच उत्तर, त्याच शब्दांत. “तुमच्या अर्जाचं नुकसान होईल, प्रतिमाच्या नाही. पण तुम्ही परत कधी येऊ शकाल, ते मला सांगता येणार नाही.”

सायंकाळी हे सारे प्रतिमाला सांगितले. तिने लॅपटॉप मिटला. “मी नको म्हणाले, तर थांबशील?”

मी फोनवर तिकिटांचे दर उघडले.

“मग विचारतोस कशाला, यार,” म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी तिकीट काढले. एकाच बाजूचे. प्रतिमाने बॅग भरली. माझे जाड जॅकेट मी वर ठेवले होते, ते तिने काढून पुन्हा दाराशी खुंटीला लावले.

“हे इथेच राहू दे.”